रेशनचा अंगठा

बसा वाईच. लाईट दोनला येणार, तवर मोटार काय चालू हुत न्हाई. शिवतेज, मोबाईल खिशात घाल गड्या, त्या उजेडानं डोळं दिपत्यात. आन् विश्वजीत, तू वकिलीच्या दुसऱ्या वर्साला हाईस म्हणून मधी मधी कलमं सांगाय लागू नगंस. मी इचारलं की बोल. न्हाईतर मी आपला पंपाच्या खोलीत जाऊन झोपतो, तुमी पाजा उसाला पाणी.

पल्याडच्या तुकड्यात ती बत्ती दिसती न्हवं, ती धनगरांच्या तळाची. जत भागातलं लोक. पाऊसकाळ सरला की दर साली त्यांची मेंढरं हितं आपल्या कराडच्या रानात येऊन बसत्यात, रानाला खत हुतं, मग त्ये फुडच्या गावाला जात्यात. त्या घरातली हरणाबाई मी माझ्या लग्नाच्या आधीपासनं बघत आलोय. बांधावर बसायची आन् लोकर कातायची. उभा जन्म तिनं त्येच केलं. धागा अंगठ्यावरनं सरकून सरकून अंगठ्याच्या रेघा पार गेल्या हुत्या तिच्या. एकदा मला दावला हुता. नुसता गुळगुळीत, धुतलेल्या गोट्यासारखा. ह्यो अंगठा ध्येनात ठेवा, फुडं लागणार हाय.

तिला दोन लेक. थोरला अर्जुना, मेंढरं त्येच्याकडं. त्येची बायको सोनिया, गावची आशाताई, सरकारी कागदं भरण्यात लय तरबेज. धाकला रविराज, सांगलीला दुधाचा टँकर चालवतो. गोष्ट ह्या रविराजची. त्येनं सोताच्या तोंडानं सांगितलीया मला, त्या समोरच्या बांधावर बसून. आन् त्यो दारू पीत न्हाई, सुपारी सुदिक खात न्हाई. मागनं इचारत बसू नगा.

गेल्या सालची जानेवारी. एकवीस तारीख, मंगळवार. अमावस्या-बिमावस्या काय न्हवती, पौष वद्य अष्टमी, चंद्र मध्यरातीनंतर वर येणार. हरणाबाई मिरजेला एका दवाखान्यात मशीनवर हुती. डोक्यात रक्त सांडलं हुतं. बारावा दिस. तोंडात नळी, डोळं झाकल्यालं. श्वास मशीन घ्यायचं, मशीन सोडायचं. फुस्स... टक. फुस्स... टक. रविराजला दिसातनं दोनदा आत सोडायचे, धा-धा मिनटं. बारा दिसात त्यो आवाज त्येच्या डोक्यात असा बसला, की बाहेर व्हरांड्यात झोपला तरी त्येला ऐकू यायचा.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. इंजेक्शन देऊन माणसाला मारणं आपल्याकडं गुन्हाच. व्हय का रं विश्वजीत? बघा, मान हलवतोय. पण जो नुसता मशीनवर ऱ्हायलाय, परत उठायची आशा न्हाई, त्येचं मशीन काढायला कोर्टानं वाट ठिवलीया. माणसानं शुद्धीत असताना दोन साक्षीदार घेऊन, नोटरीपुढं लिहून ठिवलं असंल, की मला असं लोंबकळत ठेवू नगा, तर त्यो कागद धरत्यात. कागद नसंल तर घरच्यांची संमती. आन् दोन्ही वेळेला डॉक्टरांची दोन मंडळं बसून बघत्यात, मगच हात लावत्यात.

त्या मंगळवारी संध्याकाळी डॉक्टरनं दोघा भावांना बोलवून घेतलं. म्हणला, "आजींचा मेंदू आता परत येणार नाही. तुम्ही दोघांनी एकमतानं लिहून दिलंत तर आम्ही पुढची पावलं उचलू. नाही म्हणालात तर मशीन चालू राहील. घाई नाही, जबरदस्ती नाही."

"मी सही करणार न्हाई," रविराज म्हणला. "आय उठंल."

अर्जुना जमिनीकडं बघत म्हणला, "सही नगं करूस. आयनं कागद केलाय. दोन वर्सं झाली. घरी पेटीत हाय."

रविराज बघतच ऱ्हायला. बारा दिस शेजारी शेजारी झोपलं, एका डब्यात जेवलं, आन् कागदाचं आज सांगतोय. आन् आयनं तरी आपल्याला कसं सांगितलं न्हाई? तितं त्येच्या मनात पाल चुकचुकली. कारण बी हुतं. अर्जुनाला मेंढरं इकून एका जागी ऱ्हायाचं हुतं. गुडघं गेलं हुतं त्येचं चालून चालून. आन् हरणाबाईनं सांगून ठिवलं हुतं, माझ्या जिवात जीव हाय तवर एक बी शेपूट इकायचं न्हाई. म्हंजे आय गेली की मेंढरं गेली. रविराजनं मनात हिशेब केला आन् त्येला वाटलं, ह्यो तर उघड डाव हाय.

तुमाला सांगतो, लांब ऱ्हाणाऱ्या लेकाला असला संशय लवकर येतो. चार महिन्यांनी एकदा तोंड दावायचं, आन् मग दवाखान्यात सगळ्यांपेक्षा मोठ्यांदा बोलायचं. मी बी मिलिटरीत असताना माझ्या बापाच्या वेळी त्येच केलं. असू दे.

"कागद मी आणतो," रविराज म्हणला. "तू हितनं हलायचं न्हाई."

"जा की. पेटीची चावी सोनियाकडं हाय."

इतक्या लगीच व्हय म्हणला, त्येचा बी रविराजला संशय आला.

रातच्या साडेधाला त्येनं स्प्लेंडर काढली. कानाला मफलर, वरनं स्वेटर. मिरजेतनं कवठेमहांकाळ, तितनं नागज फाटा, मग जतच्या अंगाला. गावाचं नाव सांगत न्हाई, माणसं अजून नांदत्यात तितं. थंडी लय. रस्ता मोकळा. जाताना काय झालं न्हाई. झालं आसतं तर सांगितलं आसतं.

पाऊण वाजता त्यो वस्तीवर पोचला. गाडी लावतोय तवर दार उघडलं. कडी वाजवली न्हाई, हाक मारली न्हाई. सोनिया दारात उभी.

"जागी हाईस वयनी?"

"ह्यांचा फोन आलता." तिनं चावी पुढं केली. "पाणी देऊ का?"

"नगं."

त्येनं पेटी वडली. सोनिया आत आली न्हाई, चौकट धरून तितंच उभी ऱ्हायली. रविराजच्या पाठीला तिची नजर कळत हुती. वर आयची घोंगडी, तिच्या खाली भंडाऱ्याची पिशवी, आन् तळाला दुधाच्या पिशवीत घडी घातल्याला कागद. त्येनं मोबाईलची बत्ती लावून वाचला. टाईप केल्याला. माझी शुद्ध गेली आणि परत येण्याची आशा नसली तर मला नळ्या लावून मशीनवर ठेवू नये, मला सोडावं. खाली दोन साक्षीदारांच्या सह्या. नोटरीचा गोल शिक्का. आन् अंगठा.

निळा अंगठा. त्येनं बत्ती जवळ नेली. रेघन् रेघ मोजून घ्यावी असा स्वच्छ उठल्याला.

आता मागं या वाईच. रेशनच्या दुकानात अंगठ्याचं मशीन आलं तवापासनं हरणाबाईचा अंगठा ते घेतच न्हवतं. धा वेळा लावला तर धा वेळा न्हाई म्हणायचं. रेघाच न्हाईत तर घेणार काय? मग सोनियाचं नाव त्याच कार्डात हुतं म्हणून तिचा अंगठा लावायचे. दर महिन्याला त्येच. दुकानदार म्हणायचा, हरणाबाई, अंगठा कुटाय तुमचा? म्हातारी सुनंला हाताला धरून फुडं करायची, ह्यो बघ की माझा अंगठा. सगळं दुकान हसायचं.

रविराजला हे म्हाईत हुतं. म्हणून त्येनं त्या रेघा बघितल्या आन् त्येचं अंग तापलं.

"वयनी, ह्यो अंगठा कुणाचा?"

सोनियानं लांबनंच कागदाकडं बघितलं.

"आयचा न्हवं ह्यो."

"न्हवं."

"मग?"

"माझा, भावजी."

एवढी सरळ कबूल हुईल असं त्येला वाटलं न्हवतं. मग सोनियाच बोलाय लागली, हळू.

"तुमच्या वडलांना करोनात एकोणीस दिस मशीनवर ठिवलं हुतं. आत्यांनी काचंतनं बघितलं. तवा तुमी टँकरवर हुता. तवापासनं त्यांचं एकच, मला असं ठेवू नगा. मला ट्रेनिंगात ह्या कागदाचं कळलं हुतं, मी सांगितलं. त्याच म्हणल्या, चल. तालुक्याला वकिलाच्या टेबलाशी त्यांनी अंगठा लावला, तर नुसता निळा डाग. कारकून म्हणला, आजी, असला डाग कोण मानणार, रेघा दिसाय पायजेत. दुसरा कागद काढला. तितं बी डाग. मग आत्या म्हणल्या, सोने, लाव तुझा. रेशनला लावतीस तसा. कारकून वळून शिक्का हुडकत हुता... मी लावला."

"रेशनचं तांदूळ आन् आयचा जीव, एकच व्हय गं?"

सोनियानं मान खाली घातली. "तवा तसं काय वाटलंच न्हाई. त्यांच्या हरेक कामाला माझाच अंगठा चालत आलता. चूक झाली माझी. पण कागद त्यांचाच हाय."

"त्ये डागाचं कागद कुटं हाईत?"

"चुलीत घातलं. वाया गेल्यालं कागद कोण ठिवतंय."

"चुलीत," रविराज म्हणला. "लय सोयीचं झालं."

आता तुमीच सांगा, कोण इश्वास ठेवंल? मी बी ठिवला नसता. मेंढरं इकायची हाईत, म्हातारी आडवी, कागदावर सुनंचा अंगठा, आन् खऱ्या अंगठ्याची राख. रविराजनं कागद घडी करून स्वेटराच्या आत, शर्टाच्या खिशात घातला. डाव्या बाजूला. "ह्यो सकाळी पोलिसांत देतो. तू बी जाशील आन् दादा बी जाईल."

"द्या," सोनिया म्हणली. तिच्या डोळ्यांत पाणी हुतं, पण आवाज हालला न्हाई. "पण आत्यांना त्या नळीतनं सोडवा. कसं बी."

आन् तवा... घरात आवाज आला.

फुस्स... टक.

रविराजला वाटलं, डोक्यातलाच हाय. बारा दिसाची सवय. त्यो उठला, पेटी लावली.

फुस्स... टक.

कोपऱ्यात हरणाबाईची बाज. रिकामी. वर वाकळ घडी करून ठिवल्याली. रविराज तिकडं बघत न्हवता. त्यो सोनियाकडं बघत हुता. सोनियानं मान वळवून बाजेकडं बघितलं.

म्हंजे तिला बी आलता ऐकू.

रविराज बाहेर आला.

दारात कुत्रं हुतं. मेंढरामागचं, थोराड. परक्याला फाडून खाईल असलं. रविराजनं गाडी चालू केली, तसं त्ये उठून आलं आन् शेपूट हालवाय लागलं. रविराजला बरं वाटलं. मग त्येनं नीट बघितलं. कुत्रं त्येच्याकडं बघत न्हवतं. मागच्या सीटकडं बघून शेपूट हालवत हुतं. लाडात आल्यावर करतंय तसं कुंई कुंई करत हुतं. हरणाबाई त्येला सोताच्या ताटातनं भाकरी घालायची.

रविराजनं गियर टाकला.

दीड वाजला हुता. चंद्र वर आलता, अर्धा, पिवळा. रस्ता चांगला दिसत हुता. फुडं कोण न्हाई, आरशात कोण न्हाई. तरी त्येला एकसारखं वाटाय लागलं की मागं कोणतरी हाय. पहिला इचार आला अर्जुनाचा. त्येनंच माणूस घातला असंल मागं, कागद काढून घ्यायला. रविराजनं गाडी बंद करून कानोसा घेतला. काय न्हाई. वारं सुदिक न्हाई. परत चालू केली, तर गाडी जड.

मागनं बसल्यावर गाडी कशी दबती, तशी दबली हुती. एका अंगाला. बाईमाणूस एका बाजूला पाय सोडून बसतं, तशी.

त्येनं हँडल घट्ट धरलं. खड्डा आला की मागचं टायर जड आपटायचं. एकट्याची गाडी अशी आपटत न्हाई. टँकर चालवणाऱ्या माणसाला वजनाचं सांगाय लागत न्हाई.

फुस्स... टक.

आता कानामागं. मफलराच्या बाहेरनं. श्वास गार न्हवता, ऊन बी न्हवता. मशीनचा श्वास जसा असतो तसा. औषधाचा वास.

फुस्स... टक.

तीस किलोमीटर, पोरांनो. तीस किलोमीटर त्येनं मान वळवली न्हाई. आरशात बघितलं न्हाई. इंजनाचा आवाज वाढवला तरी त्यो दुसरा आवाज तेवढाच ऐकू येत हुता, ना कमी ना जास्त. दात वाजत हुतं त्येचं. लहान पोरागत रडत हुता, असं त्येनंच सांगितलं मला.

नागज फाट्याच्या अलीकडं, आरेवाडीच्या बिरोबाच्या बनाकडं जायाची वाट फुटती तितं त्येचा धीर सुटला. गाडी बाजूला घेतली. पाय खाली टेकवलं. बंद केली.

शांत.

फुस्स... टक.

"आये?" त्येनं इचारलं.

उत्तर न्हाई. कसं येणार? तोंडात नळी.

त्येच्या मानंवर काय तरी टेकलं. मफलर आन् केसाच्या मधी. एकच बोट. अंगठा. धनगराचं पोर मेंढरामागं निघालं की आय भंडाऱ्यात अंगठा बुडवून त्येच्या कपाळाला लावती. रविराजला लहानपणापासनं त्यो अंगठा पाठ. रेघ नसल्याला. गुळगुळीत.

"आये, तुला फसवलं का गं त्यांनी?"

...

"दादानं? वयनीनं? एकदा सांग. मी सोडत न्हाई कुणाला."

अंगठा मानंवरनं उचलला. फुस्स... टक. रविराजला वाटलं, गेली. त्येनं डोळं मिटलं. आन् त्येनं मला सांगितलंय, की त्येच क्षणाला त्येला पहिल्यांदा दुसरा प्रश्न सुचला. बारा दिसात जो एकदा बी इचारला न्हवता. डॉक्टरला न्हाई, भावाला न्हाई, सोताला बी न्हाई.

"आये... तुला जायाचं हाय का?"

...

...

मागनं हात आला. खांद्यावरनं फुडं. दिसला न्हाई, डोळं मिटल्यालं. फक्त कळला. हात स्वेटरात शिरला न्हाई, वरनंच छातीवर आला. डाव्या बाजूला. खिशावर.

आन् दाबलं.

अंगठ्यानं. जोरात. काळीज आत जातंय असं वाटलं त्येला. कागदावर अंगठा लावताना कारकून बोट धरून दाबतो, जरा इकडं जरा तिकडं लोळवतो, तसं. लोळवलं. उचललं.

फुस्स...

टक झालंच न्हाई.

गाडी हलकी झाली. मागचं स्प्रिंग वर आलं, त्येचा आवाज त्येनं ऐकला. लय येळ तसाच बसला. मग मोबाईल काढून बघितला, कशाला ते त्येला बी म्हाईत न्हाई. दोन वाजून वीस मिनटं झाली हुती.

चार वाजाय आलं तवा त्यो मिरजेत पोचला. अर्जुना व्हरांड्यात कुशीवर झोपल्याला. रविराज आयसीयूच्या दारापाशी गेला, तर आतनं सिस्टरच बाहेर आली. प्रियदर्शनी तिचं नाव, फलटणची पोरगी. चिडल्याली.

"तुमच्यातलं रात्री आत कोण आलं होतं?"

"कोण न्हाई, ताई. मी गावाला गेलतो."

"मग आजींच्या अंगठ्याला शाई कुणी लावली? ऑक्सिजन मोजायची क्लिप असते ना, ती मी अंगठ्याला लावली होती. दोन वीसला अलार्म वाजला. मशीन अंगठा घेईचना. क्लिप काढून बघते तर सगळं पेर निळं. कुठले कागद करून घेताय का तुम्ही बेशुद्ध बाईकडून? मी डॉक्टरांना सांगणार आहे."

मशीन अंगठा घेईना. रविराजच्या कानात तेवढंच ऱ्हायलं.

गप, शिवतेज. तुला वाटतंय तेच रविराजला बी वाटलं. अर्जुनाचंच काम. त्यो तसाच व्हरांड्यात गेला, मोबाईलची बत्ती लावली आन् झोपल्याल्या भावाची बोटं बघितली. एक एक करून, दोन्ही हातांची. मेंढरं हाकून भेगाळल्याली बोटं. शाईचा ठिपका सुदिक न्हवता. परत येऊन सिस्टरला इचारलं, दार कुणी उघडलं हुतं का? ती म्हणली, रात्री दार माझ्याच कार्डानं उघडतं, आणि मी खुर्चीवरनं हालले नाही. हातातला कापूस तिनं डब्यात टाकला. निळा हुता.

अर्जुना उठून बसला हुता. "गावला का कागद?"

रविराज त्येच्या शेजारी फरशीवर बसला. खिशाला हात लावला, पण कागद काढला न्हाई. "गावला. पण त्यो द्यायचा न्हाई, दादा. त्यो खोटा हाय. वयनीचा अंगठा हाय त्येच्यावर, तिनं मला सांगितलं. असला कागद डॉक्टरांपुढं टाकला तर तुमी दोघं बी आत जाल."

अर्जुनाचं तोंड उतरलं. "मग रं?"

"त्यो फॉर्म माग. आपण दोघं सही करू."

"तू तर म्हणला हुतास, उठंल."

"उठायचं न्हाई तिला," रविराज म्हणला आन् भावाच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडला.

दोघांनी सही केली. डॉक्टरांच्या दोन्ही मंडळांनी बघितलं, दोघांचं एक मत झालं, आन् शुक्रवारी दुपारी मशीन काढलं. भंडारा लावू दिला सिस्टरनं. त्याच प्रियदर्शनीनं. हरणाबाई मशीनबिगर चाळीस मिनटं हुती. सोताचा श्वास घेतला तिनं, टक न्हाई, फुस्स न्हाई, झोपल्याल्या माणसाचा श्वास. मग थांबली. कायद्यात कुटं बी खोट न्हवती. मेंढरं अजून इकली न्हाईत, ती बघा, बसल्यात की. गुडघं दुखत्यात तरी अर्जुना फिरतोय, आन् धा दिस रविराज बी येतोय आता सुट्टी काढून.

ऱ्हायला कागद.

त्या रातीपासनं रविराजनं त्यो उघडलाच न्हवता. शर्ट बदलला तरी घडी तशीच एका खिशातनं दुसऱ्या खिशात. तेराव्याला पाव्हणं गेल्यावर त्यो चुलीपाशी आला आन् सोनियाला म्हणला, "वयनी, ह्यो तूच जाळ. तुझा हाय." मनात म्हणं अजून किडा हुताच, की खरंच ही म्हणती तसं झालं का न्हाई. डागाचं कागद कुणी बघितलं?

सोनियानं घडी उलगडली. चुलीच्या उजेडात धरला. आन् तशीच ऱ्हायली.

"काय झालं?"

तिनं कागद त्येच्याकडं केला.

टाईप तोच. सह्या त्याच. शिक्का तोच. सोनियाचा अंगठा तितंच, रेघन् रेघ. त्येच्या शेजारी, लागूनच, अजून एक निळा डाग हुता. अंगठ्याएवढा. रविराजनं दारात नेऊन उन्हात धरला, आडवा धरला, उभा धरला.

रेघ एक बी न्हवती.